मार्चअखेरीचा तंबोरा

१० मार्च २०२५, सोमवार

ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी सकाळी एक तक्ता येऊन पडला. डाव्या रकान्यात रोग, उजव्या रकान्यात राग. रक्तदाबाला हा, पित्ताला तो, निद्रानाशाला दरबारी, सांधेदुखीला आणखी कुठला तरी. खाली हात जोडलेले. कॅशियर त्याच्या पिंजऱ्यातूनच ओरडला, “मॅडम, तुम्ही गाणं शिकलाय न्हवं, मग मार्च एंडला कुठला राग ते सांगा की!” म्हटलं, “वसुलीबहार.” मॅनेजरसाहेबसुद्धा हसले, आणि ते मार्चात सहसा हसत नाहीत.

हसण्यावारी नेलं, पण तो तक्ता डोक्यातून जाईना. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा पूर्णपर्यंत मी शिकले. राग कुठल्या प्रहराचा, वादी कुठला, संवादी कुठला, सगळं पाठ करून पेपरात उतरवलं. भातखंड्यांनी थाटांची आणि वेळांची जी मांडणी केली, तिच्यात डोस कुठंच नव्हता. आमच्या बाई म्हणायच्या, गंधार झुलला तर दरबारी, नाहीतर नुसते सूर. तोच राग एकाच्या गळ्यातून ऐकताना अंगावर काटा येतो आणि दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकताना घड्याळाकडं लक्ष जातं. मग झोप येण्यासाठी यांतला कुठला लावायचा? “दुसरा,” असं आमचे हे म्हणाले.

तरी प्रश्न माझ्यापाशी येऊन ठेपलाच आहे. मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडं रक्तदाब भरला १४८-९४. त्यांनी एक गोळी लिहून दिली, मीठ कमी करा म्हणाले, चाला म्हणाले, आणि उठता उठता म्हणाले, “जरा शांत राहायचं बघा.” गोळी मेडिकलमध्ये मिळाली. शेवटची गोष्ट कुठं मिळते ते चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

अडीचला जाग आली ती आलीच. डोळ्यांपुढं काउंटर. पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही, म्हणून सगळं गाव नवं-जुनं करायला याच पंधरवड्यात येतं. सकाळी कुणाकडून तरी उसने आणून भरायचे आणि दोन दिवसांनी नवं कर्ज उचलून त्याचे त्याला परत द्यायचे. त्यांच्या छातीतली धडधड मला काचेच्या अलीकडं ऐकू येते असं वाटतं. आणि थकबाकीची यादी वेगळीच. तिच्यातली नावं मी झोपेत वाचते.

पुण्याच्या भाचीनं फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलंय. पाऊस, लांबवर बासरी, मध्येच एखादी घंटा, आणि एक बाई कुजबुजल्यासारखं सांगते की खांदे सैल सोडा. खांदे सोडले. मन काही सुटलं नाही. त्या आवाजांत ऐकण्यासारखं काही नसतं, त्यामुळं कान रिकामा राहतो आणि रिकाम्या जागेत यादी येऊन बसते.

त्याच अ‍ॅपमध्ये ४३२ हर्ट्झचं एक दालन आहे. म्हणे ही विश्वाची कंपनं. पाश्चात्त्य वाद्यांसाठी ‘ए’ हा स्वर ४४० वर धरावा असं १९३९ साली लंडनच्या एका बैठकीत ठरलं. त्यातून आठ वजा केले की विश्व कसं काय हाती लागतं ते मला कळलेलं नाही. आपल्याकडं तर षड्जच कुणी ठरवून दिलेला नसतो. बायांचा पेटीवरच्या काळी चार, काळी पाचच्या आसपास, पुरुषांचा काळी एकच्या आगेमागे, आणि सर्दी झाली की त्या दिवशी आणखी खाली. ज्याचा त्याचा सा. चारशे बत्तीसच पवित्र असेल तर आमचे निम्मे गवय्ये जन्मभर विश्वाच्या बाहेरच गात राहिले म्हणायचे.

भाचीनं आणखी एक पाठवलं होतं, ते मात्र पुरतं ऐकलं. ‘वेटलेस’ नावाचं, इंग्लंडच्या ‘मार्कोनी युनियन’नं २०११ मध्ये केलेलं. आठ मिनिटांत त्याचा वेग मिनिटाला साठ ठोक्यांवरून हळूहळू पन्नासावर उतरतो, म्हणजे ऐकणाऱ्याचं काळीजही मागोमाग उतरावं अशी कल्पना. जगातलं सर्वांत शांत करणारं संगीत म्हणून त्याचा डांगोरा पिटला गेला. तो जाहिरातीचा भाग झाला. पण कल्पना प्रामाणिक आहे आणि पावसापेक्षा बरी आहे. ऐकताना अमीर खाँसाहेबांचा झुमरा आठवला. चौदा मात्रा, आणि एक आवर्तन संपायला मिनिटभर लागतं. वेगाचंच म्हणाल तर तेही या इंग्रजी तुकड्याइतकंच संथ, उलट जास्तच. फरक असा की झुमऱ्यात समेची वाट बघायची असते. ती बघताना झोप लागत नाही, पण यादीही येत नाही.

१४ मार्च, धुळवड

सुटी. आमच्याकडं खरा रंग पंचमीला, त्यामुळं गल्ली शांत. कपाटावरून तंबोरा उतरवला. गवसणीवर बोटभर धूळ. तारा गंजलेल्या, एक खुंटी फिरेना, आणि जवारी पार बसलेली. तार छेडली की नुसतं ‘टण’ होऊन विझते. रविवारी सतारमेकर गल्लीत न्यायचा.

१६ मार्च, रविवार

मिरजेत राहून त्या गल्लीत जायला मला इतकी वर्षं लागावीत! घरापासून चालत जाण्यासारखी. दुकानाच्या दारात भोपळे टांगलेले. हे भोपळे खायचे नव्हेत, कडू. भीमेकाठचे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. वेलावर हवा तेवढा मोठा होऊ द्यायचा, मग महिनोन्‌महिने वाळवायचा. दुकानातले कारागीर चाचा म्हणाले, “ऑर्डर परदेशातनं येती, ई-मेलवर, ताई. पण भोपळा काय ई-मेल बघून वाढत न्हाई.”

यांचे पूर्वज शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावणारे, लखलखीत करणारे. संस्थानांची हत्यारं म्यानात गेली तशी या हातांना कामं उरली नाहीत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांची दुरुस्ती करता करता वाद्यंच घडवू लागले. गावात गाणं होतंच. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, २०२४ मध्ये मिळालेलं, दोन्हींना वेगवेगळं. दुकानात त्याचा कागद फ्रेममध्ये लावला होता, त्याच्या शेजारी विजेचं बिल.

रमजान चालू. चाचांचा रोजा, पण माझ्यासाठी चहा सांगितलाच. नको म्हटलं तरी आला. मग ते कामाला बसले. तारा सैल करून बाजूला सारल्या, घोडी उघडी केली. तारांनी घासून घासून तिच्यावर बारीक खाचा पडल्या होत्या. घोडीचा माथा सपाट दिसतो, तसा तो नसतो. पुढं किंचित उतरता असतो. तार त्या उतारावर एका बिंदूत टेकत नाही, पसरून टेकते आणि कंप पावताना त्याला शिवत राहते. त्यातून तंबोऱ्याचा तो झणकार येतो. हा उतार, म्हणजेच जवारी, हातानं, कानशीनं आणायचा. दोनदा कानस फिरवायची, तार चढवायची, छेडायची, कान लावायचा, मान हलवायची, तार उतरवायची. पुन्हा. वर तारेखाली सुताचा एवढासा तुकडा, त्याला जीव म्हणतात, तो केसभर पुढं-मागं सरकवायचा. एका तारेला अर्धा तास गेला. मध्ये त्यांनी पंखा बंद करायला लावला आणि पोराला पाठवून शेजारचा टीव्ही.

मी विचारलं, असलं काम करताना मन शांत राहत असेल नाही? चाचांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की शहरातून फोटो काढायला येणाऱ्यांची आठवण त्यांना झाली असावी. “शांती? सीझनला रात्रीचे दोन वाजतात. कंबर सरळ होत न्हाई. लाकडाचा भाव बघा.” मग थोड्या वेळानं, कानस चालवतच, “जवारी काढताना मात्र घरचा कुणी बोललेला चालत न्हाई मला.”

शेवटी चारही तारा चढल्या. पंचम, जोडी, खरज. त्यांनी सावकाश छेडल्या, आणि खरजाच्या तारेतून गंधार वर आला. कुणी लावलेला नसतो तो. तंबोऱ्यात ग ची तारच नसते. खरजाच्या कंपनांच्या पाचपट वेगाचं एक कंपन त्याच तारेच्या पोटात असतं, आणि जवारी मोकळी असली की ते कानाला वेगळं ऐकू येतं. गाण्याच्या वर्गात याला स्वयंभू गंधार म्हणतात, हे मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं. ऐकला बहुधा आज.

पैसे किती विचारले तर त्यांनी फार कमी सांगितले. वाद घातला. त्यांनीच जिंकला.

१९ मार्च, रंगपंचमी

ऑडिटरचा फोन. बसमध्ये रंगलेली पोरं. विश्रामबागेपर्यंत उभी. रात्री काही नाही, पडल्या पडल्या झोपले.

२१ मार्च, शुक्रवार

पहाटे साडेपाचला तंबोरा लावायला घेतला. लावणं हे काम वाजवण्यापेक्षा अवघड आणि मला वाटतं जास्त गोड.

पंचम लागला. जोडीतली एक तार सा वर आणली. आता दुसरी तिच्याशी मिळवायची. दोन तारा अगदी थोड्या वेगळ्या असल्या की आवाजात लाट येते, वाँव-वाँव-वाँव अशी. एकीची कंपनं सेकंदाला दोननं जास्त असतील तर सेकंदाला दोन लाटा. खुंटी किंचित फिरवली की लाट लांबते. मग सेकंदाला एक. मग खालचा मणी नखभर सरकवायचा. लाट आणखी लांबते, इतकी की ती आहे की नाही ते कळायला श्वास धरावा लागतो. आणि मग ती नसते. दोन तारांची एक होते.

याला किती वेळ लागला ठाऊक नाही. पण एक नोंदवून ठेवते: त्या वेळात थकबाकीची यादी एकदाही आली नाही. जोडी जुळली, मी निवांत छेडत बसले, डोळे मिटले, आणि पाच-सात मिनिटांतच यादी हजर, पहिल्या नावापासून. म्हणजे जुळलेल्या तंबोऱ्यानं मला शांत केलं नाही. जुळवताना मी शांत होते. कानाला काम होतं, आणि ते असं होतं की अर्ध्या लक्षानं झालंच नसतं.

उद्या चौथा शनिवार. कागदोपत्री सुटी.

२३ मार्च, रविवार

इगतपुरीची आठवण काढायला आज सवड मिळाली. काही वर्षांपूर्वी तिथं दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर केलं होतं. धम्मगिरी १९७६ पासून आहे. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा-एक तास बैठक, अकराला जेवण, संध्याकाळी चुरमुरे-फळ-चहा, आणि रात्री गोयंका गुरुजींचं प्रवचन. फी नाही, आधी येऊन गेलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही. आणि संगीत बंद.

माझ्यासारखीला हेच जड गेलं. पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. श्वासाला नाव द्यायचं नाही, मंत्र जोडायचा नाही, मोजायचंसुद्धा नाही. डोक्यात लहानपणीच्या रेडिओवरच्या जाहिराती सुरू झाल्या, त्या थांबेनात. पहाटे ध्वनिक्षेपकावरून गोयंकांचा तो जाड, खर्जातला आवाज यायचा, दोहे म्हणणारा, शेवटचं अक्षर लांबवत पार विहिरीत सोडणारा. तिथल्या अख्ख्या दिवसात गाण्याच्या जवळ जाणारी तेवढी एकच गोष्ट, आणि मी तिच्यासाठी जागी व्हायची. हे आचार्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बघा, चिकटलात.

कारण तिथलं म्हणणंच ते आहे. गोड आवाजानं मन बसवलं तर ते गोड आवाजाला बसलं. आवाज गेला की उठलं. म्हणून श्वासासारखी बेचव गोष्ट. पटतं. पटलं तरी पुरत नाही.

गोयंकांची मूळ गोष्ट मला या महिन्यात फार आठवते. ते ब्रह्मदेशातल्या मारवाडी व्यापारी घरातले, मंडालेत १९२४ साली जन्मलेले. अर्धशिशीनं बेजार. मॉर्फिन घ्यावं लागायचं. परदेशातले डॉक्टर झाले. कुणीतरी ध्यान शिकवणाऱ्या ऊ बा खिन यांच्याकडं पाठवलं. साल १९५५. आणि ऊ बा खिननी आधी नकार दिला. डोकेदुखीसाठी येणार असाल तर येऊ नका, म्हणाले. हे त्या कामाचं नाही, मन निर्मळ करायला या, डोकं थांबलं तर ते वरचं. गोयंका गेले, अर्धशिशी गेली, आणि १९६९ मध्ये ते हे सगळं घेऊन भारतात आले. पहिलं शिबिर मुंबईत, आजारी आईच्या निमित्तानं.

आता यात मला सर्वांत आवडतं ते हे की हे ऊ बा खिन कुणी संन्यासी नव्हते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल. आमच्याच धंद्यातला माणूस! एकाच वेळी तीन-तीन, चार-चार खाती सांभाळायचे आणि कचेरीतल्या कारकुनांना ध्यानाला बसवायचे. त्यांच्याही कचेरीत वर्षअखेर येत असणार, ताळा लागत नसणार. तेव्हा ते काय करत असतील याची मला फार उत्सुकता आहे, आणि ती प्रवचनात कुणी भागवत नाही.

एक मात्र म्हणेन. ‘स्ट्रेस फार आहे, जाऊन ये की इगतपुरीला’ असं हल्ली कुणीही कुणालाही सांगतं. ती विश्रांतीची जागा नव्हे. चौथ्या दिवसानंतर तासभर हात-पाय न हलवता बसायचं असतं, दिवसातनं तीनदा, आणि दाबून ठेवलेलं बरंच काही वर येतं. अर्जातच मानसिक आजाराविषयी विचारतात, ते उगीच नाही. माझ्याबरोबरच्या एका मुलीला मधूनच घरी जावं लागलं होतं.

२५ मार्च, मंगळवार

संध्याकाळी आईचा हरिपाठ. मी आज तिच्या शेजारी बसून तिचा श्वास मोजला.

याला कारण आहे. इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे लुचिआनो बर्नार्दी यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक प्रयोग छापला होता. तेवीस माणसं घेतली, त्यांना कधी लॅटिनमधली जपमाळ म्हणायला लावली, कधी तिबेटी बौद्धांचा मणिपद्माचा मंत्र. दोन्ही वेळा श्वासाचा वेग आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येऊन स्थिरावला. एरवी माणूस बारा ते वीस वेळा घेतो. आणि या सहाच्या गतीला रक्तदाबाचा शरीरातला जो चढउतार असतो त्याच्याशी श्वासाचा मेळ बसतो, हृदयाचं काम सुधारतं. कुणी बसून आखलेलं नाही. ओळीची लांबीच तशी पडली. रोमन कॅथलिकांची आणि तिबेट्यांची एकच.

आईची ओळ एका श्वासात, मग टाळाच्या ठोक्यावर श्वास, मग पुढची ओळ. माझ्या मोजणीत सात-आठ भरले. टाळ तीच वाजवते, त्यामुळं थोडं कमी-जास्त. मध्येच थांबून म्हणाली, “काय मोजाय लागलीस?”

“श्वास.”

“मोज. पण एक टाळ धर.”

नंतर तिला ते इटलीचं सांगितलं, तुझंही बीपी यानंच चांगलं असेल म्हटलं. ती देवाचं सामान आवरत होती. म्हणाली, “मी बीपीसाठी म्हणत न्हाई बाई.” ऊ बा खिन काय वेगळं म्हणाले होते!

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी अकराला सिस्टीम बंद. बाहेर साठ-सत्तर माणसं. एका शेतकऱ्यानं काउंटरवर मूठ आपटली. त्याचं चूक नव्हतं, त्यानं तीन लाख हातउसने आणले होते आणि त्यांच्यावर दिवसाचा दर चालू होता. मी ‘दादा, जरा थांबा’ म्हणत राहिले. मला माझा आवाज वर चढलेला ऐकू आला, पार काळी चारच्या पुढं.

शिपाईमामांना सांगून रेकॉर्ड रूममध्ये गेले. जुनी लेजरं, डांबराच्या गोळ्यांचा वास, जाड भिंती. बाहेरचा गलका एकदम तुटला. खुर्ची नाही. उभीच राहिले. काही केलं नाही, श्वासही बघितला नाही. दोन-तीन मिनिटं असतील.

बाहेर आले तेव्हा हात थरथरत नव्हते.

त्याच बर्नार्दींचा दुसरा प्रयोग २००६ चा, ‘हार्ट’ नियतकालिकातला. या वेळी चोवीस जण, निम्मे संगीत शिकलेले, निम्मे न शिकलेले. संथ आणि जलद पाश्चात्त्य, टेक्नो, रॅप, आपल्याकडचा एक राग, असे सहा तुकडे उलटसुलट क्रमानं ऐकवले. वेग वाढला की श्वास, नाडी, रक्तदाब वाढला. हे अपेक्षितच होतं. मधल्या एका जागी दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, ती खरं तर नुसती तुलनेसाठी. त्या दोन मिनिटांत सगळे आकडे सुरुवातीच्या विश्रांतीपेक्षाही खाली गेले. म्हणजे नुसत्या शांततेपेक्षा आवाजानंतरची शांतता जास्त उतरवते. बसल्या बसल्या झालेला हा शोध कुठल्याही बैठकीतल्या रसिकाला माहीत असतो. आलाप थांबतो, टाळ्या अजून पडायच्या असतात, तंबोरे तेवढे चालू असतात, तो क्षण.

सिस्टीम पावणेबाराला आली. मुठी आपटणाऱ्या दादांचं काम आधी केलं. ते जाताना काहीच बोलले नाहीत, चांगलं की वाईट.

३० मार्च, पाडवा

गुढी, कडुलिंब, श्रीखंड दोन चमचे. दहाला बँकेत.

३१ मार्च, सोमवार

आज ईद आणि वर्षअखेर एकाच दिवशी. चाचांकडचा शिरखुर्मा डब्यातून आला. नातवाच्या हाती पाठवला होता, वर निरोप, ‘जवारी आठ दिवसांनी बसते, परत दाखवा’.

रात्री नऊला ताळ्यात ५४० रुपयांचा फरक. सगळे पुन्हा पहिल्यापासून व्हाउचरं बघायला निघाले होते. मी म्हटलं थांबा, पाचशेचाळीसला नऊनं भाग जातो. फरकाला नऊनं भाग गेला की आकड्यांची अदलाबदल शोधायची, हे जुने हेडक्लार्क शिकवून गेलेत. सापडलं: १,७१० च्या जागी १,१७०. कॅशियर म्हणाला, “मॅडम, हे तुमच्या ध्यानाचं फळ.” ध्यानाचं नाही रे, नवाच्या पाढ्याचं.

घरी पोचायला साडेअकरा. तंबोरा लावला नाही. उगीच काहीतरी लिहिण्यापेक्षा खरं लिहिते: दमलेल्या माणसाला झोप हवी असते, राग नव्हे.

३ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले. गुरुवार, गर्दी होती. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथंच आहे, आणि दरवर्षी त्यांच्या स्मरणात आवारात चिंचेच्या झाडापाशी गाणं होतं. मोठमोठे गवई इथं बिदागीची भाषा न करता गाऊन गेलेत.

खाँसाहेबांचं जाणं मिरजेत सगळ्यांना ठाऊक. १९३७ चा ऑक्टोबर, मद्रासेकडून पाँडिचेरीला निघालेले. गाडीत अस्वस्थ वाटू लागलं, म्हणून सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहान स्टेशनावर उतरले. फलाटावर बिछाना घातला, तंबोरा लावून घेतला, नमाज पढले आणि दरबारीत ईश्वराचं नाव घेत गेले, असं सांगतात. देह मिरजेला आणला. दहा मार्चच्या तक्त्यात दरबारीपुढं ‘निद्रानाश’ लिहिलं होतं.

त्यांच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्यापेक्षा जास्त मावतच नव्हतं. घरी येऊन एक ऐकली. खरखर भरपूर. तंबोरे लावण्याबद्दल त्यांची केवढी ख्याती, आणि त्या काळच्या यंत्रानं तंबोरा जवळजवळ टिपलेलाच नाही. पण तो आवाज सुरावर असा येऊन बसतो, बारीक, कुठंही जोर नाही, की ऐकताना आपलेच जबडे आवळलेले होते हे कळतं. ते सैल सोडा असं कुणाला कुजबुजावं लागलं नाही. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा मी भांडी घासत होते आणि काहीच झालं नाही, नुसतं मागं गाणं चालू होतं.

९ एप्रिल, बुधवार

डॉक्टर. १३४-८६. पट्टा सोडत त्यांनी विचारलं, “काय केलंत?”

गोळी घेतली, हे आधी सांगितलं. मीठ कमी. सकाळी लवकर उठते, तंबोरा लावते, वीस-पंचवीस मिनिटं जातात. मधल्या सुटीत रेकॉर्ड रूममध्ये जाऊन उभी राहते, शिपाईमामांना आता सांगावं लागत नाही. आईबरोबर टाळ धरते.

“आणि मार्च संपला,” डॉक्टर म्हणाले.

“आणि मार्च संपला.”

मग यांतल्या कशाला किती गुण द्यायचे? त्यांनाही ठरवता येईना, मलाही नाही. गोळी चालू ठेवायची, जूनमध्ये परत दाखवायचं. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं की त्यांच्या मुलीला गाण्याला घालायचं आहे, बारावी आहे, फार टेन्शन घेते, दोन-तीन महिन्यांत फरक पडेल का? मी म्हटलं, दोन-तीन महिन्यांत सा लागेल. त्यांचा चेहरा पडला. बाईंचा पत्ता मात्र लिहून घेतला.

उद्या महावीर जयंती, बँक बंद. तंबोरा घेऊन चाचांकडं जायचंय. आठ दिवस केव्हाच होऊन गेले आणि खरज बोलेनासा झालाय. जमल्यास ती पितळी तारच बदलून घ्यायची, आणि शिरखुर्म्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, आईनं त्यात करंज्या भरून ठेवल्यात.